परमुलखांतील शिक्षक आणि मुदतीचा कागद

विद्वानाला सर्व देश सारखेच, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. ही समजूत ज्या काळांत रूढ झाली त्या काळीं पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता आणि राहण्याच्या परवान्याला मुदतहि नव्हती. आज परदेशीं शिकविण्यास जाणाऱ्या माणसाची विद्वत्ता तेथील विद्यार्थी पाहतील, शाळेचे चालक पाहतील. सीमेवरचा अधिकारी मात्र कागद पाहतो. तो कागद वेळेवर हातीं आला तर पुन्हां कोणी त्याची आठवणहि काढीत नाहीं. उशिरां आला म्हणजे मात्र त्या एका कागदापायीं शिक्षकाची नोकरी, त्याचें बिऱ्हाड आणि त्याच्या वर्गांतील मुलांचा अभ्यास हें सर्वच अडून बसतें. या उशिराविषयींच आज मी बोलणार आहें.

प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. सर्वांविषयीं थोडें थोडें सांगण्यापेक्षां एकाच देशाची पद्धति नीट समजून घेतलेली बरी. एक कचेरी समजली म्हणजे इतर कचेऱ्यांचा स्वभाव ओळखण्यास फारसा वेळ लागत नाहीं. मी जपानचें उदाहरण घेतों, कारण तेथें मीं कांहीं वर्षें अध्यापन केलें आहे. शिवाय टोकियो शहरांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, आणि आपल्याकडील शिक्षक-शिक्षिका तिकडे जातात. तेव्हां हा विषय आपल्या घरांपासून अगदींच दूरचा नाहीं.

परदेशी शिक्षक आणि परवाना यांचें नातें जपानांत जुनें आहे. मेइजी राजवटींत तेथील सरकारनें युरोप-अमेरिकेंतून पुष्कळ शिक्षक व तज्ज्ञ बोलावून आणले. त्यांना पगार चांगला मिळे. परंतु ठरवून दिलेल्या वस्त्यांच्या बाहेर जावयाचें तर देशांतल्या देशांत प्रवास करण्यासाठीं वेगळा परवाना काढावा लागे. जुने तह बदलून १८९९ सालीं नवे अमलांत आले तेव्हां ही पद्धति संपली. लाफ्कॅडिओ हर्न हा प्रसिद्ध लेखक १८९० सालीं मात्सुए येथील शाळेंत इंग्रजीचा शिक्षक झाला, आणि १८९६ सालीं त्यानें जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हें नांव धारण केलें. हा मार्ग सर्वांना मोकळा नसतो, आणि सर्वांना मानवतोहि असें नाहीं. बाकीच्यांना परदेशीय राहूनच परवान्याची मुदत वाढवीत जावें लागतें. युरोपांत पहिल्या महायुद्धापूर्वीं अनेक देशांत पासपोर्टावांचून जातां येत असे. युद्धानें तो मोकळेपणा संपविला, आणि १९२० सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघानें बोलाविलेल्या परिषदेंत पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. युद्धकाळाची गरज म्हणून आलेली ती व्यवस्था शंभर वर्षें उलटून गेलीं तरी कायम आहे.

आतां आजची पद्धति पाहूं. व्हिसा आणि राहण्याचा परवाना या दोन गोष्टी एकच आहेत असें बहुतेकांना वाटतें. जपानांत त्या निराळ्या आहेत, आणि दोन निराळ्या खात्यांच्या हातांत आहेत. व्हिसा हा परराष्ट्र खात्याचा. तो येथील जपानी वकिलातीमार्फत मिळतो आणि माणसाला परक्या देशाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडतो. त्या उंबरठ्याच्या आंत काय म्हणून व किती दिवस राहावयाचें, हें न्याय खात्याखालील इमिग्रेशन कचेरी ठरविते. शाळेंत शिकविणारा एका वर्गांत, विश्वविद्यालयांत शिकविणारा दुसऱ्या वर्गांत, आणि खासगी भाषावर्ग चालविणाऱ्या संस्थेंत शिकविणारा तिसऱ्याच वर्गांत मोडतो. तिघेहि फळ्यासमोर उभे राहून शिकवितात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें ते तीन निराळे धंदे आहेत. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो. पुष्कळ उशिरांचें मूळ मात्र त्यांतच असतें.

नव्यानें जाणाऱ्या शिक्षकाला पहिला उशीर आपल्या घरीं बसून सोसावा लागतो. अमुक मनुष्य अमुक वर्गांत येण्यास पात्र आहे, असें प्रमाणपत्र त्याच्या वतीनें शाळेनें जपानांतील कचेरींतून मिळवावयाचें असतें. तें आल्याशिवाय व्हिसाच्या अर्जाला हात घालण्यांत अर्थ नसतो. या कामाला १ ते ३ महिने लागतात असें कचेरी स्वतःच सांगते, आणि प्रमाणपत्र निघाल्यापासून ३ महिन्यांच्या आंत देशांत पाऊल टाकावें लागतें. जपानांत शाळेचें वर्ष एप्रिलमध्यें सुरू होतें. त्यामुळें हिवाळ्याच्या अखेरीस सर्वांचे अर्ज एकदम कचेरीवर येऊन आदळतात. शाळेनें नोव्हेंबरांत अर्ज केला असेल तर गोष्ट निराळी. फेब्रुवारींत केला असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत वर्गांत फळा असतो, मुलें असतात, आणि शिक्षक मात्र सोलापुरास असतो. इकडे त्यानें जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, निरोपाचे समारंभहि झालेले असतात, आणि शेजारीपाजारी रोज विचारतात कीं, अजून कसे येथेंच? अशा वेळीं पाळण्याचा नियम एकच आहे: प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातीं पडेपर्यंत राजीनामा देऊं नये व विमानाचें तिकिट काढूं नये. शाळा घाई करील. परंतु शाळेच्या घाईनें कचेरी हलत नाहीं, आणि सोडलेली नोकरी परत मिळत नाहीं.

मराठी माणसाच्या कागदपत्रांत उशिराचें आणखी एक कारण दडलेलें असतें, तें म्हणजे त्याचें नांव. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव ही आपली तीन पदांची रीत परक्या देशाच्या अर्जांत नीट बसत नाहीं. एका दाखल्यावर आडनांव आधीं, तर दुसऱ्यावर शेवटीं. पासपोर्टांत वडिलांचें नांव असतें, तर अनुभवाच्या पत्रांत तें गळालेलें असतें. स्त्रियांच्या बाबतींत घोटाळा दुप्पट होतो, कारण विवाहानंतर पुष्कळ घरीं मधलें नांव आणि आडनांव अशीं दोन्ही बदलतात. पदवी माहेरच्या नांवाची, नोकरीचा दाखला सासरच्या नांवाचा. या दोन नांवांची बाई एकच आहे, हें टोकियोंतील अधिकाऱ्याला कसें कळावें? माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा अर्ज केवळ या शंकेवरून दोन महिने थांबला. विवाहनोंदणीचें प्रमाणपत्र, त्याचें जपानी भाषांतर आणि थोडक्यांत खुलासा करणारें पत्र असे तीन कागद गेल्यावर तो पुढें सरकला. परक्या भाषेंतील कागदाला जपानी भाषांतर जोडावें असा तेथील नियमच आहे. म्हणून कोणी विचारण्याची वाट न पाहतां हे तीन कागद पहिल्याच दिवशीं अर्जाला जोडावे, आणि रोमन लिपींतील नांव सर्वत्र पासपोर्टांत आहे तसेंच, एका अक्षराचाहि फरक न करतां लिहावें.

तेथें पोहोंचल्यावर मोठ्या विमानतळांवर लगेच निवासाचें कार्ड हातीं देतात. राहण्याची जागा ठरली म्हणजे १४ दिवसांच्या आंत त्या भागाच्या नगरकचेरींत पत्त्याची नोंद करावयाची. ही व्यवस्था ९ जुलै २०१२ पासून सुरू झाली, आणि ती बरीच सुटसुटीत आहे. पहिल्या कांहीं आठवड्यांत टेलिफोनवाला बँकेचें खातें विचारतो आणि बँक टेलिफोनचा नंबर विचारते, एवढी गंमत सोडली तर या टप्प्यावर फारसा त्रास होत नाहीं.

खरी कसोटी लागते ती मुदत संपावयास येते तेव्हां. शाळेंतील शिक्षकाला एका वेळीं ३ महिने, १ वर्ष, ३ वर्षें किंवा ५ वर्षें अशी मुदत मिळते. मुदत संपण्याच्या सुमारें ३ महिने आधींपासून वाढीचा अर्ज करतां येतो. टोकियोची इमिग्रेशन कचेरी शिनागावा स्टेशनापासून बसनें जाण्यासारख्या अंतरावर, बंदराच्या बाजूस आहे. तेथें नंबराची चिठ्ठी हातांत धरून बसलेल्या मंडळींत जगांतील सर्व खंडांचीं माणसें दिसतात. अर्ज देतांना एका पोस्टकार्डावर अर्जदारानें स्वतःचाच पत्ता लिहून द्यावयाचा असतो. निर्णय झाला म्हणजे तें कार्ड टपालानें घरीं येतें. पुढचे कित्येक आठवडे मनुष्य आपल्याच हस्ताक्षरांतील पत्राची वाट पाहत राहतो.

अर्ज घेतल्यावर अधिकारी निवासकार्डाच्या पाठीमागें, खालच्या बाजूस, अर्ज विचाराधीन असल्याचा लहानसा शिक्का मारतो. दिसावयास अगदीं क्षुल्लक असलेल्या या शिक्क्याचा अर्थ फार मोठा आहे. मुदत संपण्यापूर्वीं अर्ज दाखल झाला असेल आणि मुदत संपेपर्यंत निर्णय लागला नसेल, तर निर्णय लागेपर्यंत, किंवा जुनी मुदत संपल्यापासून २ महिन्यांपर्यंत, यांपैकीं जें आधीं घडेल तोंवर त्या माणसाला पूर्वीच्याच हक्कानें राहतां येतें आणि पूर्वीचेंच काम करतां येतें. म्हणजे कचेरीच्या उशिराचा बोजा वेळेवर अर्ज करणाऱ्यावर पडूं नये, अशी तजवीज कायद्यानें करून ठेविली आहे. आजच्या भाषणांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

मग त्रास होतो कोठें? त्रास होतो तो हक्क नसल्यामुळें नव्हे. हक्क दिसत नसल्यामुळें. कार्डाच्या पुढच्या बाजूस उलटून गेलेली तारीख ठळक छापलेली असते, आणि शिक्का असतो पाठीमागें. बँकेंतील कारकून पुढची बाजू पाहतो, घराचा मालक पुढची बाजू पाहतो. एका खासगी शाळेनें माझ्या एका सहकाऱ्याला ‘नवें कार्ड येईपर्यंत वर्गावर येऊं नका’ असें सांगून तीन आठवडे घरीं बसविलें आणि तेवढ्या दिवसांचा पगारहि कापला. कायद्याप्रमाणें तो वर्गावर जाण्यास पूर्ण पात्र होता. कार्ड उलटें करून पाहण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती, एवढेंच. त्या तीन आठवड्यांत त्याच्या वर्गाला तीन वेगवेगळ्या माणसांनीं शिकविलें, आणि मुलांना वाटलें कीं, गुरुजी आपल्याला सोडून गेले. पगाराचें नुकसान पुढें भरून निघेल. पण मुलांच्या मनांत बसलेली ही शंका निघावयास फार दिवस लागतात.

याहूनहि कठीण प्रसंग म्हणजे अर्ज पडून असतांना घरून आजारपणाची बातमी येणें. रत्नागिरीकडील एका शिक्षकाची आई अशीच अचानक आजारी पडली. त्याच्या कार्डावरील तारीख उलटून दहा दिवस झाले होते. भोंवतालच्या परदेशी मंडळींनीं त्याला बजावलें कीं, आतां देश सोडलास तर सर्व संपलें. तो सकाळीं कचेरींत गेला आणि खिडकीवर त्यानें सरळ प्रश्न केला. उत्तर मिळालें कीं, जातां येईल. मात्र विमानतळावरील चिठ्ठींत परत येणार असल्याची खूण करावी, त्या २ महिन्यांची मर्यादा संपण्यापूर्वीं परतावें, आणि नवें कार्ड जपानांत असतांनाच घ्यावें. ती खूण करावयाची राहिली तर मात्र परवाना तेथेंच संपतो. तो त्या रात्रीं निघाला, आईला भेटला, आणि अकराव्या दिवशीं वर्गावर हजर झाला. कचेरीच्या खिडकीवर मिळालेलें उत्तर आणि चहाच्या टेबलावर मिळालेला सल्ला यांत किती अंतर असतें, हें त्या दिवशीं आम्हां सर्वांना कळलें.

जो शिक्षक एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जाऊं पाहतो त्याची स्थिति निराळी असते. खासगी भाषासंस्था सोडून सरकारी शाळेंत जाणारा मनुष्य म्हणेल कीं, मी कालहि इंग्रजीच शिकवीत होतों व आजहि तेंच शिकविणार. कायदा म्हणतो कीं, धंदा बदलला. आधीं वर्ग बदलून घ्या. परवानगी हातीं येईपर्यंत नव्या शाळेचें काम त्याला सुरू करतां येत नाहीं. म्हणून जुनी नोकरी सोडण्याची तारीख आणि नवी धरण्याची तारीख यांमध्यें पुरेसें अंतर ठेवून, तेवढ्या दिवसांचा खर्च गांठीं बांधूनच हा बदल करावा. त्याच वर्गांत राहून नुसती शाळा बदलली तरीहि १४ दिवसांच्या आंत कचेरीला कळवावें लागतें. आणि योग्य कारणावांचून ३ महिने ठरलेलें काम केलें नाहीं, तर परवाना रद्द होण्याचा संभव असतो.

हा उशीर होतो तरी कां? अधिकारी निष्ठुर असतात असें म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. २०१२ च्या अखेरीस जपानांत सुमारें २० लक्ष परदेशीय रहिवासी होते. २०२४ च्या अखेरीस त्यांची संख्या ३७ लक्षांवर गेली होती. प्रत्येक माणसाचा कागद कधींना कधीं त्याच खिडक्यांवर येतो. त्यांतून ज्या अर्जांत कांहीं उणें असेल ते बाजूला पडतात. बहुतेक वेळां उणें असतें तें नगरकराच्या दाखल्याचें. हा कर १ जानेवारीस आपण ज्या गांवीं राहत होतों त्या गांवाला द्यावयाचा असतो. मार्चांत ओसाकाहून टोकियोस आलेल्या शिक्षकाला दाखला टोकियोंत मिळत नाहीं. तो ओसाकाहून आणवावा लागतो. ज्याला हें ठाऊक नसतें तो नव्या नगरकचेरींत हेलपाटे घालीत राहतो. कचेरीला आणखी कागद हवा असेल तर ती मुदत घालून पत्र पाठविते. तें पत्र दुर्लक्षित राहिलें, तर पुढील उशिराबद्दल कोणाकडे दाद मागतां येत नाहीं. पेटीवर आपलें नांव नसेल तर टपालवाला पत्र परत नेण्याचाहि संभव असतो. परदेशीं घर घेतल्यावर पहिल्या दिवशीं पेटीवर नांवाची पट्टी लावावी, हा सल्ला ऐकावयास पोरकट वाटतो. पण त्यावांचून पुष्कळांचे महिने फुकट गेले आहेत.

तेव्हां अशा शिक्षकानें काय करावें? पहिली गोष्ट, मुदतीच्या तीन महिने आधींची तारीख दिनदर्शिकेंत आजच लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यांतच अर्ज करावा. कारण वर सांगितलेला सर्व आश्रय ‘वेळेवर केला’ या दोन शब्दांवर उभा आहे. दुसरी, दिलेल्या प्रत्येक कागदाची व कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत जवळ ठेवावी. ऑनलाइन अर्ज करणाऱ्याच्या कार्डावर शिक्का पडत नाहीं, म्हणून त्यानें अर्ज पोहोंचल्याचा ईमेल छापून कार्डाबरोबर बाळगावा. तिसरी, शाळेला, बँकेला व घरमालकाला तारीख उलटण्यापूर्वींच स्वतः होऊन कळवावें. आधीं सांगितलेलें स्पष्टीकरण आणि नंतर दिलेली सबब यांत फरक असतो. चौथी, २ महिन्यांची मर्यादा संपण्याच्या बऱ्याच आधीं कचेरींत जाऊन चौकशी करावी. त्या मर्यादेपलीकडे कायद्याचा आश्रय उरत नाहीं. ‘पोस्टकार्ड आलें नाहीं’ हें उत्तर तेथें चालत नाहीं. आणि शेवटची, फीसाठीं पैसे तयार ठेवावे. १ एप्रिल २०२५ रोजीं मुदतवाढीची फी ४,००० येनवरून ६,००० येन झाली. निघतांना त्या दिवसाचा दर पाहून घ्यावा.

परंतु सर्व जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकणें योग्य नव्हे. जी संस्था समुद्रापलीकडून माणूस बोलावते तिनें त्याचे कागद वेळेवर तयार करून दिले पाहिजेत. नियुक्तीचें पत्र, पगाराचा तपशील, संस्थेचीं स्वतःचीं प्रमाणपत्रें हे कागद शिक्षकाला कोठूनहि विकत आणतां येत नाहींत. ते फक्त संस्थाच देऊं शकते. संस्थेच्या कारकुनानें पंधरा दिवस टाळाटाळ केली तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. शिक्षकाचें मात्र देशांत राहणेंच संशयांत पडतें. नोकरी स्वीकारतांना पगार व घरभाडें यांची चौकशी आपण करतों. माझे कागद कोण, केव्हां आणि किती दिवसांत देणार, हें तितक्याच स्पष्टपणें विचारून लेखी घ्यावें. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडतो. ज्या संस्थेला तो आवडत नाहीं तिच्याविषयीं त्यांतच बरेंच कळून येतें.

या विषयाची एक बाजू आपल्या दाराशींहि आहे. पुण्यांत जपानी शिकविण्यासाठीं, मुंबईंत फ्रेंच किंवा जर्मन शिकविण्यासाठीं परदेशी शिक्षक येतात. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशीयाला आपल्या देशांतहि नोंदणी करावी लागते, मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि घरमालकाची सही मिळविण्यासाठीं जिने चढावे लागतात. टोकियोंत आपल्या मुलीचा कागद अडला म्हणून आपला जीव खालींवर होतो. आपल्या शेजारीं राहणाऱ्या परक्या शिक्षिकेचा कागदहि असाच कोठेंतरी अडलेला असूं शकतो. तिला घरभाड्याचें पत्र वेळेवर द्यावें, तिच्यासाठीं एखादा मराठी अर्ज लिहून द्यावा, कचेरींत सोबत जावें, हें आपल्या हातचें आहे. सरकारी कचेरीचा वेग तुम्हांआम्हांला वाढवितां येत नाहीं. परंतु परक्या गांवीं वाट पाहत बसलेल्या माणसाचें एकटेपण कमी करणें कोणालाहि जमण्यासारखें आहे.